पडद्यावरच्या बाप्याचा कोट

४ जून

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आज गरजेपोटी लिहिते आहे. चित्रकार आणि खेळ बनवणारे लोक संगणकात माणसांचे हलते पुतळे वापरतात. त्या पुतळ्यांचे तयार कपडे ऑनलाइन दुकानात विकले जातात; ते मी बनवते. बायकांच्या पुतळ्यांना हजारो झगे आहेत. पुरुषांच्या वाट्याला मात्र तोच शर्ट नि तीच विजार. आमच्या बाप्यांनी काय उघडं फिरायचं का, असं गिऱ्हाईक रोज विचारतं.

म्हणून दुकानाने महिनाअखेरपर्यंत पुरुषाचा एक कोट मागितला आहे. पसंत पडला तर वर्षभराचं काम, नाहीतर बाबांनी शोधलेली विमा कचेरीतली नोकरी. अडचण अशी, की पुतळ्याने हात वर केला की अख्खा कोट कानाशी जातो. बाहीचा मुंढा तीनदा मोठा केला, दर वेळी जास्तच बिघडलं.

हसू नका. लोभ आहे तेवढा राहू द्या.

तुमची,
टिकली


९ जून

चि. टिकलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसलो. तुझ्या काकूला वाचून दाखवलं, तीही हसली. पोट आत न ओढणारं आणि उद्याच पाहिजे म्हणून मानगुटीवर न बसणारं गिऱ्हाईक मला चाळीस वर्षांत भेटलं नाही. तुला आयतं मिळालं.

आता नीट ऐक. प्रत्येक शिकाऊ शिंपी हीच चूक करतो. हात अडतो, म्हणून मुंढा खाली उतरवतो. पण मुंढा जितका खाली, तितकी बाही कोटाच्या कुशीला बांधली जाते, आणि हात उचलला की कूसही सोबत निघते. मुंढा लहान कर, थेट काखेशी ने, बाही दंडात जरा सैल ठेव. मग हात फिरतो आणि कोट जागेवर राहतो. शिवाय गड्याला नुसता उभा ठेवू नकोस. खुर्चीत बसव, फळीवरचा डबा काढायला लाव. खोट तेव्हाच दिसते.

दादाला सांग, नोकरीची घाई नको. कळव.

तुझा,
काका


१७ जून

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

कोट आता जागचा हलत नाही! पण दुकानाच्या परीक्षकबाई म्हणाल्या, शिवण उत्तम, मात्र असल्या तालीमबाज गड्यासाठी आमच्याकडे अकरा कोट पडून आहेत. लोकांना साठीचा, साधा, जरा सुटलेला माणूस हवा आहे. तसा पुतळा मी घडवू शकते, पण आकडे कुठून आणू? तुमची मापं पाठवा. जशी आहेत तशी.

काकूंना नमस्कार. राग नसावा.

टिकली


२२ जून

चि. टिकलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हजारो माणसांची मापं घेतली, माझी मात्र कधी कोणी घेतली नव्हती. जुन्या सदऱ्यावरून नवा बेतत आलो. स्वतःच्या खांद्यावर टेप धरता येत नाही, म्हणून काकूच्या हातात दिली. तिने छाती आणि पोट मोजलं (दोन्हींत फारसा फरक उरलेला नाही), मग खांदे मोजले, आणि उजवा पाऊण इंच खाली आहे असं जाहीर केलं. टेप वाकडी धरली असशील, असं मी म्हटलं. तिने पुन्हा मोजलं. पाऊण इंचच. जड कात्री चाळीस वर्षं त्याच हातात होती.

गिऱ्हाइकाचा असा खांदा मी आतून कापूस भरून सारखा करतो आणि त्याला सांगतही नाही. तुझ्यासाठीही मी दोन्ही आकडे सारखेच लिहिले होते. काकूने तो कागद फाडला. सोबतचा कागद तिच्या अक्षरातला आहे.

काका


३ जुलै

तीर्थस्वरूप काका-काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

कोट तुमच्या मापांच्या पुतळ्यासकट पसंत पडला, वर्षाचं काम मिळालं. बाबांनी विमा कचेरीला नकार कळवला, जरा कुरकुरत. काका, तुम्ही सध्या एका चित्रात न्यायाधीश आहात, दुसऱ्यात स्टेशनमास्तर आणि एका खेळात खिसेकापू. एका गिऱ्हाइकाने खांदे सारखे करून मागितले. दोन मिनिटांचं काम आहे. पण काकूंच्या परवानगीशिवाय हात लावणार नाही, असं त्याला कळवलं आहे.

दोघांचीही माया असू द्यावी.

टिकली