भिंतीवरचे दोन पट्टे

विचुंबे, पनवेल
५ नोव्हेंबर २०२५

चि. कुमुदला कमळाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. घर रंगवायला काढलंय. सूनबाईने, हेतलने, हॉलच्या भिंतीवर दोन पट्टे मारून घेतलेत. एक कुठल्याशा विलायती डिझायनर कंपनीचा, दुसरा आपल्या नेहमीच्या कंपनीचा. रोज विचारते, आई, कुठला बरा? मी म्हणते, दोन्ही एकच तर आहेत. की लगेच नवऱ्याकडे, आपल्या प्रितमकडे बघते.

काल म्हणाली, यातला निळा कुठला ते सांगा. मी काय बालवाडीत आहे? संध्याकाळी दोघं कुजबुजत होती की आईंना आता एकटं ठेवायला नको. कुमुद, मला वेडी ठरवून घर विकायचा बेत दिसतो. रंगरंगोटी उगाच नाही काढलेली.

तुझी माया असू दे.
कमळाताई


रोहा
१२ नोव्हेंबर

ती. ताईस कुमुदचा शि. सा. न.

वाचून धसकाच घेतला. हेतल गोड बोलते, पण गोड बोलणाऱ्यांचीच मला भीती. कशावरही सही करू नकोस.

मात्र एक विचारते, रागावू नकोस. माझ्या नातीच्या, प्रांजलच्या बारशाला तू चहा कपाबाहेर ओतलास. गप्पांचा नाद म्हणून मी हसले होते. ते पट्टे एकेक डोळा झाकून बघशील?

जिवाला जप.
तुझी कुमुद


विचुंबे, पनवेल
४ डिसेंबर

चि. कुमुदला आशीर्वाद.

एकेक डोळा झाकून पट्टे बघितले, दोन्हीकडून धुरकटच दिसले, आणि गुपचूप हेतलला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन झालं. तिला दिवाळीपासून शंका होती, पण मागे चष्म्याचं नाव काढलं तेव्हा मी केवढी ओरडले होते! म्हणून पट्टे दाखवून माझी नजर तपासत होती. आणि एकटं ठेवायला नको, ते मी गॅस चालू ठेवून शेजारी गेले होते म्हणून. घर विकायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

डोळ्यावरची पट्टी निघाली. विलायती पट्टा निळा, मोराच्या मानेसारखा. दुसरा साधा पोपटी. मग हेतल समोर आली. कुमुद, पोरीच्या डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं! दोन वर्षं एका घरात राहून मला दिसलीच नव्हती. तिने पुन्हा विचारलं, आई, कुठला घ्यायचा? मी म्हटलं, रंगाचं राहू दे, तू आधी जरा आडवी हो. चहा मी करते.

तूही कान दाखवून घे. लोभ आहेच, तो वाढू दे.
कमळाताई