जहाज अर्धंच पाहिलं

प्रिय ठमाबाई,

काल तुझा निरोप आला. डायव्हिंग सोडतेस आणि पुढच्या महिन्यापासून मामाच्या ऑफिसात बसतेस, एवढं दोन ओळींत उरकलंस. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पत्राला मधेच तोडता येत नाही, एवढा तरी त्याचा फायदा.

ती खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेव म्हणून मीच मामाच्या मागे लागले होते. वर्षभर तुझ्या कानीकपाळी ओरडत होते. म्हणजे आज मला आनंद व्हायला हवा. झालेला नाही. सकाळपासून भांडी आपटते आहे आणि तुझे बाबा वर्तमानपत्रामागे दडून बसले आहेत.

रविवारचंच घे. बुडालेली युद्धनौका दाखवायला तू मला आणि बाबांना घेऊन गेलीस. त्या रबरी पोशाखात शिरतानाच माझा निम्मा जीव गेला. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, बोलायची सोय नाही. बोटीवर तू हाताच्या खुणा समजावत होतीस तेव्हा मी नुसत्या माना डोलावल्या. एवढी वर्षं वर्ग सांभाळला, मला काय खुणा शिकवायच्या, असं वाटलं. पाणी उथळ आहे, जहाजापर्यंत ऊन पोचतं, हे तू सांगितलं होतंस, ते खाली गेल्यावर पटलं. युद्धनौका म्हणजे काहीतरी अक्राळविक्राळ असणार अशी माझी समजूत. दिसलं ते खलाशांचं स्वयंपाकघर. एक भलंमोठं पातेलं कलंडलेलं आणि मासे त्यातून असे ये-जा करत होते, जशी काही पंगत बसली आहे. मला इतकं आवडलं की तुला अंगठा दाखवला. तू लगेच माझा दंड धरून मला वर आणलंस. काय बिनसलं, कळेना. परत खाली गेलो. तोफ दिसली, शेवाळाने मढलेली. पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्यांदाही तेच. बाकीची मंडळी खोळंबली होती. "जमत नव्हतं तर आलीस कशाला? नावं ठेवायला?" असं तू चारचौघांत म्हणालीस. मीही म्हणाले, "हेच का तुझं काम, माणसाला घडीघडी वर ओढायचं?" सोडायचं तेव्हाच ठरवलंस बहुतेक.

काल तुझा निरोप वाचून मी बाबांना हे सगळं तावातावाने, हातवारे करून सांगत होते, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "अगं, पाण्यात अंगठा वर केला म्हणजे मला वर ने. पोरीने किती वेळा बजावलं होतं. सगळं ठीक म्हणायचं तर बोटांचं वर्तुळ करायचं." बोटीच्या कडेला ओकाऱ्या काढत बसलेल्या माणसाचं लक्ष होतं, माझं नव्हतं. तेव्हापासून माझा स्वतःवरच संताप संताप होतो आहे.

पहिले दोन अंगठे जहाजासाठी होते. तिसरा नव्हता. मी त्या गंजक्या पत्र्याला हात लावायला गेले, तर तू माझं मनगट धरलंस, एक बोट हलवून मला दटावलंस, आणि मग माझा निसटता मास्क नीट बसवून दिलास. तुझ्या हाताला जराही घाई नव्हती. तुला काम करताना मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. तो अंगठा तुझ्यासाठी होता. शाबासकी माझ्या तोंडून निघत नाही, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी हाताने दिली, तर तुला वाटलं, आईला पुरे झालं. तेव्हा मामाला होकार देऊ नकोस. दिलाच असशील तर फिरव, त्याचे टोमणे मी ऐकून घेईन. तोफेच्या पलीकडचं जहाज माझं बघायचं राहिलं आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी पाण्यात उतरणार नाही.

तुझीच,
आई