कानातला गळ आणि माझ्या दाढा

ती. आर्लिस वन्संना,

व्हर्नाचा नमस्कार. कंबर कशी आहे? वाळवंटातल्या उन्हाने बरी वाटत असेल तर तिकडेच आणखी थोडं राहा. इथे तळ्यावरचा बर्फ अजून हटलेला नाही आणि तुमचा भाऊही खुर्चीतून हटलेला नाही. बाकी आम्ही ठीक. माझ्या एका बाजूच्या खालच्या दाढा गेल्या, वर्षभर एकाच बाजूने चावते आहे, पण ते पुढे येईलच.

मला लांबण लावलेली आवडत नाही, म्हणून सरळ सांगते. चीजच्या कारखान्यात माझ्या पगारातून थोडे पैसे दवापाण्याच्या खात्यात जातात. त्यावर कर लागत नाही, पण अट अशी की ते माझ्या नि नवऱ्याच्याच दुखण्यावर खर्चायचे. भलतीकडे गेले तर कर भरा आणि वर दंडही भरा. हे पैसे मी दाढांसाठी साठवत होते. मक्याची कणसं निघायच्या आत दाढा बसवायच्या आणि यंदा कणीस दातांनी खायचं, सुरीने दाणे खरवडून नाही, एवढंच माझं मागणं. (तुमचा भाऊ माझ्यासमोर बसून तीन-तीन कणसं कुरतडतो. त्याला कधी काही म्हटलं नाही. पाहिलं मात्र आहे.)

तर कर भरायचे दिवस आले. लायब्ररीत फुकट कागद भरून देतात म्हणून दोघं गेलो, तर टेबलापलीकडे कोण, माझ्या शाळेतल्या प्रुइटबाई. मी दहावीत शाळा सोडली ती निम्मी पगारासाठी आणि निम्मी या बाईंच्या जाचापायी. इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, प्रश्न तोच. "व्हर्ना, नीट वाचलंस का?" खात्यातून काय काय काढलं त्याच्या पावत्या त्या बघत गेल्या आणि एकीवर थांबल्या. रुग्ण डेल्मर गुथके, कानात रुतलेला माशाचा गळ काढला. बाईंनी चष्मा पुसला, उठल्या आणि भर लायब्ररीत तुमच्या भावाचे दोन्ही कान उलटेपालटे करून पाहिले. साधा ओरखडा नाही. "डेल्मर, गळ कधी रुतला होता?" तर हा म्हणतो, "रुतला असेल. व्हर्नाला विचारा." (स्वतःचा कान, वन्सं.)

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामंजी डेल्मर, तुमचा भाऊ डेल्मर, माझा मुलगा डेल्मर. धाकट्याने लग्न करून वेगळं घर केलं, पण डाक अजून आमच्याच पेटीत येते. मागच्या उन्हाळ्यात तुमचा भाऊ खांद्यावरची गाठ कापून आला, त्याच सुमारास हे बिल आलं. मी नाव पाहिलं, दवाखाना पाहिला आणि खात्याच्या कार्डाने पैसे भरून मोकळी झाले. बाई म्हणाल्या, कमावता मुलगा या खात्यात बसत नाही.

तशीच धाकट्याच्या घरी गेले. होडीत दोस्ताने गळ फेकला तो पाण्याऐवजी याच्या कानात, आणि आईला पत्ता नाही. म्हटलं, "बिल आलं नाही तेव्हा तुला काय वाटलं?" म्हणतो, "वाटलं, दवाखाना विसरला." मी म्हटलं, "विसरायला दवाखाना काय तुझा बाप आहे?" सूनबाई हसली. तो हसला नाही, पण होडीच्या इंजिनासाठी ठेवलेले पैसे निमूट काढून दिले.

प्रुइटबाईंनी वाट सांगितली. चूक प्रामाणिक असेल तर एप्रिलच्या मध्यापर्यंत पैसे खात्यात परत टाकता येतात, मग कर नाही, दंड नाही. फक्त परत घ्यायचे की नाही ही बँकेची मर्जी. म्हणजे माझ्या दाढा बँकेच्या मर्जीवर. फोन लावला, त्यांचं गाणं ऐकत पातेलंभर बटाटे सोलले, तेव्हा एक पोरगी बोलली. चूक कशी झाली, म्हणाली. मी म्हटलं, आमच्या घरात बायकांना मुलगा होतो पण त्याला नवं नाव सापडत नाही. मला वाटलं फोन आपटेल. ती म्हणाली, "आमच्याकडेही एकाच नावाचे तिघं आहेत, बाई," आणि कुठे सही करायची ते सावकाश सांगितलं.

मग रोज डाकेच्या पेटीशी जाऊन उभी राहायचे. शुक्रवारी उत्तर आलं. पैसे परत घेतले. मी तिथेच बर्फात मटकन बसले आणि तुमचा भाऊ चक्क खुर्चीतून उठून बाहेर आला. रात्री क्लबात तळलेले मासे खाल्ले, एकाच बाजूने, पण दोन ताटं. दाढांची तारीख मेमधली मिळाली आहे. प्रुइटबाई म्हणाल्या, या वेळी नीट वाचलंस. लाज सोडून सांगते, बरं वाटलं.

तुमची,
व्हर्ना

ता. क. सूनबाईला दिवस गेले आहेत. ऑगस्टमध्ये मोकळी होईल. मुलगा झाला तर डेल्मर ठेवणार म्हणतात, का, तर नाही ठेवलं तर आर्लिस आत्याला वाईट वाटेल. हे सगळं पत्र त्यासाठीच आहे. तुम्हाला वाईट वाटणार नाही असं त्यांना आजच कळवा.

आणखी ता. क. मुलगी झाली तर व्हर्ना ठेवणार आहेत. त्याबद्दल काही कळवू नका.