मध्यंतरात उभी राहिलेली पोर

प्रिय लंबू,

फोनवर तासभर तुझं डोकं खाणारी ही बाई आज पत्र कशाला लिहायला बसली, म्हणून तू पाकीट उलटसुलट करून बघशील. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. आम्ही एका वसतिगृहात उतरलोय. आठ शेजारी देशांचे फुटबॉल संघ, पंधरा वर्षांखालच्या दीडेकशे पोरी. जेवणाच्या रांगेत कुणाची भाषा कुणाला कळत नाही, तरी कलकलाट सगळ्यांचा सारखाच. मी खाली कपडे धुण्याच्या खोलीत बसलेय. समोर मशीनमध्ये वीस जर्सी फिरतायत. राष्ट्रीय संघाची प्रशिक्षक असले तरी मोज्यांच्या जोड्या लावायचं काम माझ्याच गळ्यात आहे.

आपण देशासाठी खेळायचो, तेव्हाची राष्ट्रगीताची ती वेळ तुला आठवते का गं? इथल्या पहिल्या सामन्याला मी कडेला उभी होते. सगळ्यात लहान मापाची जर्सीसुद्धा निम्म्या पोरींना ढगळ होत होती. सकाळीच केसांच्या पिनांवरून भांडलेल्या त्या, आणि एकीनं तर मोजा सापडत नाही म्हणून रडून गोंधळ घातलेला. पण गीत सुरू झालं आणि अकराच्या अकरा जणी अशा काही उभ्या राहिल्या, की माझ्या अंगावर काटा आला. आपणही अशाच दिसत असू का? सव्वीस वर्षं झाली. मला फक्त आपले लटपटणारे पाय आठवतात.

आणि आपला तो शेवटचा सामना. तो मात्र तुला मिनिटामिनिटानं पाठ असणार. उंच आलेला चेंडू, गोल सोडून पुढे आलेली तू, मध्ये माझा पाय, आणि चेंडू आपल्याच जाळ्यात. गोलकीपरनं ‘माझा’ अशी हाक दिली, की डिफेंडरनं पाय काढून घ्यायचा, ही तर पहिल्या दिवसापासूनची शिकवण. आपल्या प्रशिक्षक सरांनी तुला विचारलं, हाक दिलीस का? तू हो म्हणालीस. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नाही अशी मान हलवली. पुढच्या वर्षी तुझं नाव यादीत नव्हतं. तू हातमोजे भावाला देऊन टाकलेस. नंतर नंतर तर तूच हसत सांगायला लागलीस, की बहुतेक भीतीनं माझा आवाजच फुटला नसेल. तुझ्या लग्नातसुद्धा हा किस्सा रंगवून सांगितलास. मी शेजारीच होते, ताट हातात धरून.

काल सेमीफायनलला, अडतिसाव्या मिनिटाला, हुबेहूब तसाच गोल झाला. माझी गोलकीपर पुढे आली, आमची दातांना तारा लावलेली चौदा वर्षांची डिफेंडर मध्ये आली, आणि चेंडू आत. त्या गोंगाटात मला बाकावर काहीच ऐकू आलं नव्हतं. मध्यंतरात मी काय केलं असेल? आपल्या सरांनी केलं तेच. हाकसुद्धा देता येत नाही का, म्हणून गोलकीपरला सगळ्यांसमोर झापलं आणि राखीव पोरीला हातमोजे चढवायला सांगितले. ती बिचारी नुसती हातमोज्याची पट्टी उघडत आणि लावत बसली. तेवढ्यात तारवाली उभी राहिली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. म्हणाली, मॅडम, तिनं हाक दिली होती. मी ऐकली होती. पण तिच्या हातून चेंडू सुटेल असं वाटलं, म्हणून मी पाय घातला. एवढं बोलून खाली बसली आणि बुटाची नाडी बांधायला लागली.

लंबू, समोर मी एकेचाळीस वर्षांची बाई. एवढीशी पोर, सेमीफायनल चालू, सगळा संघ ऐकतोय, पुढची निवड माझ्या हातात. हे सगळं तिला कळत होतं, ओठ पांढरे पडले होते तिचे. तरी बोलली. कुठून येतं गं हे बळ? मी आजवर मोठमोठे खेळाडू जवळून बघितले, पण असं थक्क मला कुणी केलं नव्हतं. गोलकीपर मी बदलली नाही. दुसऱ्या हाफमध्ये तिनं झालेच म्हणावेत असे तीन गोल अडवले, तरी आम्ही एक-शून्यनं हरलो. परतताना बसमध्ये त्या दोघी एका खिडकीवरून भांडत होत्या.

आज सरावानंतर मी पोरींना रिंगण करून बसवलं आणि आपल्या सामन्याची गोष्ट सांगितली. तू सांगतेस तशी नाही, झाली तशी. मग तारवालीनंच विचारलं, मॅडम, तुमच्या मैत्रिणीला हे सांगितलंत का? टोमणा नव्हता, अगदी सहज विचारलं तिनं. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना आंघोळीला पिटाळलं आणि इथे येऊन बसले.

तर लंबू, तुझा आवाज फुटला होता. तू हाक दिली होतीस, एकदा नाही, दोनदा, आणि मी दोन्ही वेळा ऐकली होती. सरांसमोर मला माझी जागा जाईल अशी भीती वाटली, आणि गेली तुझी. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसून मला सोडवलं असतंस, स्वभावच आहे तुझा तो. या वेळी सोडवू नकोस.

तुझीच,
बुटकी