करदोड्याची गाठ

सोमवार, ता. ४
वही, माफ कर. आठ दिवस तुला हात लावला नाही. धास्तीच होती. चालताना दम लागतो, पाय सुजतात. डॉ. म्हणाले, हृदय कमजोर झालंय, रक्त पुरेसं ढकलत नाही. एमआरआय करा. किती भाग जिवंत, किती मेलेला, ते कळेल. जिवंत निघाला तर रक्ताच्या बंद नळ्या खोलण्यात अर्थ आहे. नाहीतर गोळ्यांवरच...
मेलेला तुकडा छातीत घेऊन मी गारखेड्याच्या बाजारात फिरतोय?

बुधवार, ता. ६
एमआरआयला गेलो तसाच परत आलो. अंगावर धातू नको म्हणाले. घड्याळ दिलं, कवळी दिली. करदोड्याचं बोललो नाही. त्याला चांदीची पेटी आहे. आमच्यात करदोडा तोडतात तो माणूस गेल्यावरच. तिथल्या पोरीनं हातातलं यंत्र फिरवलं, ते कंबरेपाशी ओरडलं. "आजोबा, काय लपवलंय?" मी सदरा खाली ओढून धरला. नंबर गेला. आता शनिवार.
घरी कौसाला सांगितलं. बायकोच ती, हसली. "अवं, तोडायचा कशाला? मी सोडते. बाहेर आलात की लगेच बांधते."

शनिवार, ता. ९
गाठ जुनी, सुटेना. तिथली पोरगी कात्री घेऊन आली. "कातर नको बाई," म्हणत कौसानं दातानं सोडली. करदोडा मुठीत धरून दाराशी बसली.
आत नळकांडं. पत्र्यावर हातोडे पडावेत तसा आवाज. श्वास सोडा, धरून ठेवा. गावी पाचोडला मेंढ्यांची लोकर कातरताना कातर कातडीजवळ आली की असाच श्वास धरायचो, तसाच धरला. सोडायचं विसरलो. "आजोबा, घ्या आता श्वास! मशीन घाबरलं."
नंतर तिनं पडद्यावर दाखवलं. मेंढराचं दिल हातात घेतलंय मी, पण थंड, थांबलेलं. हे माझं, आणि चालू! मिटतं, उघडतं. एक कड जरा मागं राहते. इतकी वर्षं न सांगता, न थांबता... हात आपोआप जोडले गेले.
"ती कड जिवंत आहे का गं?"
"ते डॉक्टर सांगतील, आजोबा."

मंगळवार, ता. १२
रिपोर्ट नाही. फोन सारखा बघतो. डोळे मिटले की तेच दिसतं, मिटतं, उघडतं.
कौसानं पेटी काढून ठेवून साधा काळा दोरा बांधलाय. सुरगाठ. "परत बोलावलं तर? माझे दात नाय राहिले आता." निरगाठ निकाल आल्यावर मारणार म्हणते.
डॉक्टरसाहेब, दोन शब्द का होईना, लवकर कळवा. दोरा सारखा ढिला होतोय.