तुझ्या कंदांत फूल होतं

प्रिय शालिनी,

आज सकाळी तुझा ट्यूलिप उमलला. आता दहा वाजलेत, चहा तसाच गार झालाय आणि मी गॅलरीत वही घेऊन बसलोय.

रंग कसा म्हणशील, तर लोहगडच्या उतारावरचं पिकलेलं करवंद. सावलीत काळा, ऊन लागलं की आतून जांभळा. शाळेच्या पुस्तकांतल्या फुलांच्या सगळ्या कविता मला अजून पाठ आहेत, पण त्यांतलं एकही फूल या रंगाचं नाही गं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे ओळ नव्हती. तू म्हणाली असतीस, "बरं झालं, आता गप्प बसून बघा."

ते तीन हिवाळे आठवतात ना? दिवाळीआधी तू ट्यूलिपचे कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवायचीस. "आपल्या लोणावळ्याची थंडी त्यांना पुरत नाही हो. बर्फ पडलाय असं वाटायला हवं त्यांना." डिसेंबर संपताना कुंड्यांत लावायचीस. पानं यायची, चांगली तरतरीत. कळी मात्र पोटातच वाळून जायची. तिसऱ्या वर्षी माझी बहीण पुष्पा म्हणाली, "वहिनी, पात झकास आलीय. झुणका करू या का?" तू हसलीस. मग भांडी घासताना पाठमोरीच मला म्हणालीस, "माझ्या हातालाच गुण नाही."

आणि मी काय केलं? तुझी समजूत काढायला कविता म्हटली!

आता ऐक, आणि हवं तेवढं रागाव. त्या पिशवीत नुसते कंद नव्हते. माझे चिकूही होते.

रक्तात साखर निघाल्यापासून तू मला चिकूला हात लावू देत नव्हतीस. आणि त्या पिशवीला घरात कुणी हात लावायचा नाही, हा कायदाही तुझाच. मग याहून सुरक्षित जागा कुठली? पिकलेले चिकू कंदांखाली दडवायचो आणि तू अंघोळीला गेलीस की एकेक काढून खायचो.

पावसाळ्यात तू गेलीस. पंधरा दिवसांनी तू मागवलेलं खोकं कुरियरनं आलं. दहा कंद. त्यांचं काय करायचं मला उमजेना. तसाच खोकं काखेत मारून कान्हे गावाला गेलो, त्या गुलाबाच्या पॉलिहाऊसवर. तिथं काम करणारा किसन एक कंद हातात फिरवत म्हणाला, "आबा, माल लय चांगलाय. फ्रिजात ह्येच्यासंगती फळं तर न्हाई ना ठिवत?"

"चिकू," मी म्हणालो. "पिकलेले."

"मंग कुटनं फुलायचं? पिकल्या फळातनं गॅस सुटतो. आतली कळी मरती त्यानं. पानं येत्यात, फूल न्हाई."

मी तिथल्याच बाकड्यावर बसलो. तुझ्या कंदांत फूल होतं, शालू. दरवर्षी होतं. ते मी खाल्लं.

यंदा तो खण धुऊन पुसून रिकामा केला. बारा आठवडे त्यात फक्त कंद. लावल्यावर रोज सकाळी कुंड्यांपुढे स्टूल टाकून बसायचो, निकालाच्या दिवशी पोरं शाळेत बसतात तसा. दहांतल्या सातांना कळी आली! पण एक विचारू? त्या पिशवीला चिकूचा वास येत असणारच. लावायची वेळ येईपर्यंत तू एकदाही आत डोकावली नाहीस. इतका विश्वास ठेवायचा असतो का नवऱ्यावर?

सकाळी पुष्पाला फोन केला, तशी ती धावतच आली. कुंडीपुढे वाकून तिनं फूल निरखलं. मी तिला सगळं सांगून टाकलं.

"वहिनीला ठाऊक होतं हे?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस, दादा? आधी तिला सांग."

म्हणून हे पत्र.

विहारात दर पौर्णिमेला वंदनेची फुलं तू मांडायचीस, बाजारातून आणलेली. घरचं एखादं तिथं ठेवावं, ही तुझी हौस राहिली. येती पौर्णिमा चार दिवसांवर आहे. पुष्पा म्हणते, फूल खुडून नेऊ. मी खुडणार नाही. अख्खी कुंडी उचलून नेईन, कंबर काय म्हणायचं ते म्हणो.

वंदना झाली की उभा राहीन. आपल्या बायकोबद्दल असं चारचौघांत बोलायची रीत नाही, लोक हसतील. हसू देत. कविता म्हणणार नाही, हे वचन. साध्या गद्यात, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं सांगेन: शालिनीच्या हाताला गुण होता. खोट माझ्यात होती.

तुझा,
दिनकर