चित्रातली शरू

दोहा, २० सप्टेंबर २०२२

प्रिय शरयू,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. आई आता माझ्याकडे, अल अझीझियाला असते. तिला माणसं आठवत नाहीत. मला ती नर्स समजते, आणि माझ्या मुलाला, शौनकला, स्वतःचा भाऊ.

इथं वर्ल्ड कपची गडबड चालली आहे. जिकडेतिकडे झेंडे लागलेत; स्टेडियमचे दिवे तपासतात तेव्हा आमच्या खिडकीतलं आभाळ कधी जांभळं होतं, कधी केशरी. आईला त्याचं काही नाही. तिचा जीव शेजारच्या आयरिश बाईंच्या भिंतीवरल्या एका चित्रात गुंतलाय. त्यांच्या देशातल्या कुणा जुन्या चित्रकाराचं आहे. शेतात वाकून बटाटे वेचणारी एक मुलगी. जवळून पाहावं तर नुसते रंगांचे फटकारे; चार पावलं मागं सरकलं की ओल्या मातीवर ऊन पसरतं, गवत हललंसं वाटतं. मुलीचा चेहरा सावलीत आहे, नीट दिसतच नाही.

पहिल्याच दिवशी आई चित्राजवळ गेली आणि म्हणाली, “शरू, किती वेळ उन्हात वाकशील? चल, जेवून घे.” तेव्हापासून रोज दुपारी आम्ही तिथं जातो. बाईंना मराठी कळत नाही, पण आई बोलायला लागली की त्या टीव्ही बंद करतात. आई निफाडच्या मळ्यातलं काहीबाही सांगत राहते, हसते. मग एकदम विचारते, “रागावलीस का गं? बाप गेला तरी आली नाहीस.”

याचं खरं उत्तर फक्त मला ठाऊक आहे. त्या दिवशी तुझा फोन मी घेतला. आईला तुझं तोंड बघायचं नाही, येऊ नकोस, असं सांगितलं. शरू, आई तसं म्हणालीच नव्हती. मी तिला विचारलंही नव्हतं. तू मनासारखं लग्न करून निघून गेलीस, घर माझ्या अंगावर पडलं. तो राग मी तिच्या नावावर खपवला. काल आईला हे सगळं सांगितलं. ती चित्राकडे बघत म्हणाली, “हळू बोल, ती ऐकतेय.”

म्हणून लिहिते आहे. नोव्हेंबरपासून सामन्यांच्या पासाशिवाय इथं कुणाला येता येणार नाही. त्याआधी ये. आई तुला ओळखेलच असं नाही. विमानतळावर मी नको असेन तर शौनकला पाठवते. तेवढं फक्त कळव.

तू अजून म्हणू देशील तर, तुझीच
नयनाताई